सीआरपी २४

लोकांच्या लेकरांचं रक्त काढायचा मला बारा वर्षांचा सराव आहे. दिवसाकाठी तीस-चाळीस जणांना तरी टोचते. तापानं फणफणलेली, रडून निळी पडलेली, आजीच्या कडेवरून खाली उतरायलाच तयार नसलेली, सगळ्या तऱ्हेची लेकरं हाताखालून गेली. तरी त्या दिवशी सकाळी पावणेसातला लॅबचं शटर अर्धं वर करून आम्ही चौघं आत शिरलो, तेव्हा माझे हात गार पडले होते. खुर्चीत बसायचं होतं माझ्या सोन्याला.

सोन्या हे घरातलं नाव, खरं इथं लिहीत नाही. तेव्हा तो सात वर्षांचा होता. ऑटिझम आहे. बोलतो ते मोजकंच. भूक लागली की 'भात', बाहेर जायचं असलं की 'गाडी', आणि टीव्हीवरच्या जाहिराती मात्र अख्ख्या, चालीसकट. साडेतीन वर्षांचा असताना निदान झालं. त्या निदानासाठी कुणी रक्ताचा थेंबसुद्धा घेतला नव्हता. कानाची बेरा तपासणी झाली, मग एक ताई दीड तास त्याच्याशी खेळत बसल्या आणि मधूनमधून मला विचारत राहिल्या. हाक मारली की बघतो का, बोट दाखवतो का, एकच गोष्ट किती वेळ फिरवत बसतो. आपल्या देशात त्यासाठी 'इसा' नावाची मोजपट्टी वापरतात. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० च्या खाली असलं तर ऑटिझम नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्याच्या पुढं तीव्र. सोन्याचे ११८ भरले. दिवसभर रक्तात दुखणी शोधणारी मी, आणि माझ्याच लेकराचं काय ते रक्तात दिसत नाही, हे पचायला मला लई दिवस लागले.

त्यामुळंच असेल, मी त्या शिबिराला गेले.

फेब्रुवारीत, परभणीचा उरूस चालू होता तेव्हाची गोष्ट. एका मंगल कार्यालयात मोठ्या शहरातले दोघं जण आले होते. पडद्यावर मेंदूचं चित्र, मधला भाग लालभडक. "तुमच्या मुलाच्या मेंदूत आग लागलेली आहे. ती रक्तात दिसते. ती विझवली की मूल मोकळं होतं." माझ्या शेजारी जिंतूरकडची एक बाई बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला. आगीचा शोध घेण्यासाठी नऊ तपासण्यांचा संच, १६,५०० रुपये. त्यानंतर सहा महिन्यांचा कोर्स. गहू आणि दूध बंद, तीन-चार पावडरी, मग ऑक्सिजनच्या पेटीत बसवायचं, आणि 'पुढं गरज पडली तर स्टेम सेल'. ऑटिझमला स्टेम सेल उपचार देऊ नयेत असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं डिसेंबर २०२२ मध्येच सांगून टाकलंय, हे मला नंतर कळलं. तिथं कुणीच बोललं नाही.

मी पैसे भरले नाहीत. म्हणजे शहाणपणानं नव्हे हं. यादी वाचली आणि त्यातला निम्मा माल माझ्या दुकानातलाच निघाला. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि अंगातला दाह दाखवणारे ईएसआर, सीआरपी तर मी रोज डोळे झाकून करते. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, ड जीवनसत्त्व आणि दाहाचा निरोप नेणारं आयएल-६ तेवढं बाहेर पाठवावं लागणार होतं. आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांना विचारलं, त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "कर, किटच्या खर्चात कर. पण आकडा आला की माझ्याकडं ये, त्यांच्याकडं जाऊ नको."

आत्याबाईंचं वेगळंच. "आधीच वाळून कोळ झालंय लेकरू, त्यात रगत कामून काढायलीस गं?"

तयारीला पंधरा दिवस गेले. ऑटिझम असलेल्या लेकराला धरून-दाबून टोचलं की काम होतं, पण पुढची पाच वर्षं ते लेकरू दवाखान्याच्या गल्लीतसुद्धा येत नाही. आमच्या स्पेशल एज्युकेटर मॅडमनी फोटोंची पट्टी करायला लावली. लॅबची खुर्ची, रबर, कापूस, सुई, चिकटपट्टी आणि शेवटी परभणी स्टेशनात उभं असलेलं इंजिन. सोन्याला जगात इंजिनाइतकं काहीच प्रिय नाही. रोज रात्री जेवणानंतर दंडाला रबर बांधायचं, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. आधी बाहुलीला, मग त्याच्या मोठ्या बहिणीला, ताईला, मग त्याच्या बाबांना. चौथ्या दिवशी आत्याबाईंनीच हात पुढं केला, "मला बी बांध बघू." त्यांच्या हाताला बांधलेलं बघून सोन्या पहिल्यांदा हसला.

स्पिरिटचा वास ही मोठी अडचण. त्याला उलटीच होते. म्हणून कापूस दुसऱ्या खोलीत भिजवून आणायचा, पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं असं ठरवलं. खरं तर सगळ्यांनाच तसं करायला पाहिजे. ओल्या स्पिरिटवर सुई घातली की आगही होते आणि सॅम्पल हिमोलाइझ व्हायची, म्हणजे त्यातल्या लाल पेशी फुटायची भीती. पण सकाळी रांग लागलेली असताना कोण थांबतंय? शिवाय लॅबमधल्या एका ट्यूबलाइटचं चोक गुणगुणतं, आम्हाला ते ऐकूही येत नाही, सोन्या मात्र कानावर हात दाबून बसतो. ती ट्यूब बंद ठेवायची. बधिर करायचं मलम घरूनच पावणेसहाला कोपरात लावून वर प्लास्टिकची पट्टी गुंडाळली. त्याला तासभर तरी लागतो चढायला.

ताई तेव्हा अकराची. खुर्चीत तीच आधी बसली. "माझं काढ, त्याला बघू दे." तीन दिवसांपासून तिला सर्दी होती, नाक पुसत पुसत तिनं हात दिला आणि सोन्याकडं बघून खोटंखोटं हसत राहिली. एवढ्या वर्षांत एवढं शूर गिऱ्हाईक मी बघितलं नाही.

मग सोन्या. बाबांच्या मांडीवर, पाठ त्यांच्या छातीला टेकवून. मी रबर बांधलं, पाच आकडे मोजले, शीर बोटाला लागली, आणि सुई घातली तर शीर सरकली. बारा वर्षांत माझी किती वेळा सरकली असेल, पण ही माझ्या पोटातून सरकली. सोन्यानं किंकाळी फोडली नाही. त्यानं कपड्याच्या साबणाची जाहिरात सुरू केली, मोठ्यानं, पहिल्या ओळीपासून.

आमच्या लॅबमध्ये एक जुने टेक्निशियन आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मदतीला म्हणून लवकर आले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू बाजूला हो बेटा. आईनं पाय धरायचे. सुईचं मी बघतो." दुसऱ्या हाताला त्यांनी बटरफ्लाय, म्हणजे नळी जोडलेली बारीक सुई लावली. नळीत लाल रेघ सरकली. रक्त भरायच्या छोट्या नळ्यांना आम्ही बल्ब म्हणतो. जांभळ्या झाकणाचा ईडीटीए बल्ब, काळा बल्ब, दोन प्लेन. जाहिरात तिसऱ्यांदा संपली तेव्हा कापूस लागला होता. सोन्या उठला, पट्टीवरचं इंजिनाचं चित्र ओरबाडून घेतलं आणि शटरकडं चालू लागला. त्याच्या दृष्टीनं व्यवहार पूर्ण झाला होता, आता मालाची डिलिव्हरी पाहिजे होती. बाबा दोघा भावंडांना घेऊन स्टेशनला गेले. मी आत गेले आणि जरा वेळ फ्रीजला टेकून उभी राहिले.

ईएसआर आधी लावला. रक्तात सायट्रेट मिसळून उभ्या काचेच्या नळीत शून्यापर्यंत ओढायचं, स्टँडला लावायचं आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते वाचायचं. शंभर वर्षांपासून हीच रीत आहे. अंगात कुठं दाह असला की रक्तातली प्रथिनं वाढतात, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भरभर खाली बसतात. पण ही नळी भारी नखरेल. स्टँड जरा तिरपा झाला, आकडा वाढला. खोली तापली, वाढला. रोग्याच्या अंगात रक्त कमी असलं तरी वाढला. आमचा स्टँड कूलरच्या टेबलावर असतो, तो मी त्या दिवशी उचलून भिंतीतल्या कोनाड्यात नेला. दुसऱ्या कुणासाठी नेला असता का, हा प्रश्न मला अजून टोचतो.

प्लेन बल्ब सेंट्रिफ्यूजला लावले आणि चार मिनिटांत लाइट गेली. गेली तर गेली, बनी तो बनी नहीं तो परभणी. इन्व्हर्टरवर सेंट्रिफ्यूज आमच्याकडं चालत नाही. वीस मिनिटांनी आली, पुन्हा फिरवलं. आयएल-६ साठीचं सीरम, म्हणजे रक्त फिरवल्यावर वर उरणारं पाणी, लगेच वेगळं करून गोठवावं लागतं, ते उन्हात पडून राहिलं तर आकड्याला काही अर्थ उरत नाही. ते आधी फ्रीजरला घातलं, संध्याकाळी बर्फाच्या पाकिटांत कुरियरनं गेलं.

मग सीआरपी. मोठ्या लॅबला तो मशीनवर करतात, आमच्याकडं अजून स्लाइडवर. काळ्या काचेवर सीरमचा एक थेंब, शेजारी लॅटेक्सचा एक थेंब, काडीनं कालवायचं आणि दोन मिनिटं काच हातात धरून डुलवायची. थेंब दुधासारखा पांढरा असतो. सीआरपी नसला तर तसाच राहतो. लिटरला ६ मिलिग्रॅमच्या वर असला तर दूध फुटतं. बारीक बारीक दाणे दिसायला लागतात, मधलं पाणी निवळतं.

मी ताईचा आणि सोन्याचा थेंब शेजारी शेजारी घातला. काच डुलवत बसले. पहिल्यांदा सोन्याचं फुटलं, मिनिटभराच्या आतच. छातीत धस्स झालं. मग बघता बघता ताईचंही फुटलं.

सीरम दुप्पट पातळ करून ताईचं फुटलं, चौपट केल्यावर नाही. म्हणजे १२. सोन्याचं चौपटीतही फुटलं, आठपटीत नाही. म्हणजे २४. मी फोन करून सांगितलं. बाबा अजून स्टेशनातच होते, मागून इंजिनाचा भोंगा ऐकू येत होता. ते थोडं थांबून म्हणाले, "मग ताईला पण अर्धा ऑटिझम का?"

ते मोंढ्यात एका अडतीवर मुनीम आहेत. विज्ञानाशी त्यांचा संबंध दहावीपुरता. पण त्या एका वाक्यानं शिबिरातला लाल मेंदू माझ्या डोक्यातून निम्मा उतरला. सर्दी झालेल्या पोरीचा सीआरपी वाढणारच की. सीआरपी यकृतात तयार होतो, आणि यकृताला तो करायचा हुकूम मुख्यतः आयएल-६ देतं. जंतू असो, जखम असो, ठणकणारं गळू असो, सहा-आठ तासांत तो चढायला लागतो, दोनेक दिवसांत टोकाला जातो, कारण मिटलं की एकोणीस तासांत निम्मा होतो. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये तो सापडला तोसुद्धा न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात. हे सगळं मी डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या कोर्सला पाठ केलेलं आहे. करोनात तर पानटपरीवरची माणसंसुद्धा एकमेकांना सीआरपी विचारत होती. आणि माझ्या लेकराची पाळी आली तेव्हा मला त्यातलं काही आठवलं नाही, आठवली ती फक्त आग.

बाकीचे आकडे चार दिवसांत जमले. ईएसआर ३४. हिमोग्लोबिन ९.६. पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल ६८ टक्के, लिम्फोसाइट २४. आयएल-६ चौदा, रिपोर्टवर सातपर्यंत ठीक असं छापलेलं. फेरिटिन ४१, नॉर्मल. मी शिबिरवाल्यांचं कार्ड टाकून दिलं नव्हतं. सरांनी बजावलं होतं तरी फोन केला. आकडे सांगितले. पलीकडचा माणूस खूश झाला, अक्षरशः खूश. "बघा, आयएल-६ पण वाढलं, सीआरपी पण वाढला, न्यूट्रोफिल-लिम्फोसाइटचा रेशो पण वाढला. तीन-तीन पुरावे." मी आतल्या आत म्हटलं, बाबा रे, हे तीन साक्षीदार नाहीत. हुकूम देणारा, हुकूम पाळणारा आणि त्यांच्याच मागं धावत आलेला तिसरा, एकाच घरातले तिघं आहेत. जंतूंमागं न्यूट्रोफिल धावतात तेव्हा ते वाढतात, लिम्फोसाइटचा टक्का घसरतो आणि भागाकार आपोआप फुगतो. शिवाय तीन-चार वर्षांपर्यंतच्या लेकरात लिम्फोसाइटच जास्त असतात, मोठ्या माणसांचा रेशो त्यांना लावताच येत नाही. हे सगळं मनात. तोंडानं मी "बघते" म्हणून फोन ठेवला.

बालरोगतज्ज्ञांनी रिपोर्ट एकदाच वाचला. "हा ऑटिझमचा रिपोर्ट नाही. अंगात कुठंतरी काहीतरी चालू आहे, एवढंच हा सांगतोय. दुसरं लेकरू असतं तर ते म्हणालं असतं इथं दुखतंय. हा म्हणणार नाही. आपल्यालाच शोधावं लागेल." कान बघितले, घसा बघितला, पोट दाबलं, लघवी तपासायला सांगितली. काही नाही. मग त्यांनी विचारलं, गेल्या दोन महिन्यांत वागण्यात काय बदललं?

काय बदललं? मी सांगायला लागले आणि सांगता सांगताच माझा आवाज बसला. डाव्या गालावर मुठीनं मारून घेतो. रात्री दोनला उठून बसतो. भाकरी सोडली, कुरमुरे सोडले, नुसता मऊ भात आणि दूध. उशीत तोंड खुपसतो, तेही एकाच बाजूनं. आम्ही सगळे म्हणत होतो ऑटिझम वाढला. थेरपी सेंटरच्या वहीत 'स्वतःला इजा करण्याचं प्रमाण वाढलं' अशी नोंद होती, आणि त्यावर उपाय म्हणून मारलं की खेळणं काढून घ्यायचं, असा कार्यक्रम महिनाभर चालला होता. मीच सही केली होती त्यावर.

दात. डाव्या बाजूची खालची दुधाची दाढ, मुळाशी पू. हिरडीवर तांदळाएवढा फोड. अजून दोन किडलेल्या. टॉर्च आणि बाबांचे दोन हात लागले तेवढं बघायला. सोन्या ब्रश तोंडात घेऊ देत नाही, फेसाचा त्याला किळस येतो, आणि आम्ही 'आज राहू दे' असं म्हणत म्हणत तीन वर्षं काढली होती. त्याची भरपाई त्यानं एकट्यानं केली.

औषधं सुरू झाली. भूल देऊन दाढा काढायला संभाजीनगरला दाताच्या सरकारी कॉलेजात तारीख मिळाली. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड, निरामय विम्याची वर्षाची एक लाखाची मर्यादा, भुलेआधीच्या तपासण्या, ते वेगळं रामायण आहे, इथं नको. तीन दाढा निघाल्या, संध्याकाळी तो भुलेतून उठला आणि 'गाडी' म्हणाला.

तारखेची वाट बघत होतो त्या दिवसांत मी वाचत बसायचे. बालरोगतज्ज्ञांनी दोन-तीन शोधनिबंध छापून दिले होते. कळत नव्हतं ते सरांना विचारायचे. आणि एक गोष्ट कबूल करते, शिबिरवाल्यांचं बोलणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. २००५ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या शास्त्रज्ञांनी ऑटिझम असलेल्या ११ मृत व्यक्तींच्या मेंदूचे नमुने तपासले, त्यात मेंदूच्या राखणदार पेशी चवताळलेल्या दिसल्या. २०१५ साली सिडनीच्या संशोधकांनी १७ अभ्यास एकत्र केले, ऑटिझम असलेले ७४३ आणि नसलेले ५९२ जण. आयएल-६, आयएल-१ बीटा, आयएल-८ असे काही दाहाचे निरोपे ऑटिझमच्या गटात सरासरीनं जास्त भरले. म्हणजे आहे, काहीतरी आहे. मग माझ्या लेकराच्या रिपोर्टवरून ते का ओळखता येऊ नये?

हे मला शेवटी मोंढ्यातल्या माणसानंच समजावलं. सोयाबीनचा ओलावा मोजतात ना मशीननं, त्यावरून. ते म्हणाले, "समज, पाथरीकडच्या मालाची सरासरी बारा निघाली, गंगाखेडकडची तेरा. दोन्हीकडचे हजार कट्टे मोजले तर फरक पक्का. पण कुणी एक कट्टा आणून टाकला, मशीन लावलं, साडेबारा आलं. सांग, कुठला? रात्री पाऊस पडला असंल, कट्टा भिंतीला लागून असंल, शंभर कारणं." गटाची सरासरी वेगळी आणि एका लेकराचा आकडा वेगळा. त्यात वजन जास्त असलं की सीआरपी वाढतो, झोप नसली, पोट बिघडलं, नुकतंच सर्दी-पडसं झालं, सगळ्याचं पाणी त्याच आकड्यात येऊन मिळतं. ऑटिझम असलेल्या कित्येक लेकरांचे हे आकडे चारचौघांसारखेच असतात आणि नसलेल्या कित्येकांचे चढलेले. आमच्याच घरात दोन कट्टे होते, एक १२ चा, एक २४ चा.

ह्या वाचनातली एक रात्र मात्र वाईट गेली. फिनलंडमध्ये गरोदर बायकांचं रक्त जपून ठेवलेलं आहे. त्यातून २०१४ साली छापलेल्या एका अभ्यासात, ऑटिझम झालेल्या ६७७ लेकरांच्या आयांच्या रक्तात गरोदरपणी सीआरपी जास्त असण्याचं प्रमाण अधिक दिसलं होतं. मी रात्री साडेअकराला माळ्यावरची पेटी काढली. सोन्याच्या वेळची माझी फाइल. पाचव्या महिन्यात मला लघवीचा जंतुसंसर्ग झाला होता, ताप होता, आणि रिपोर्टवर माझाच सीआरपी होता, पॉझिटिव्ह. तेव्हा तो मीच केला होता, माझ्याच हातानं काच डुलवून. पेटीशेजारी मी तशीच बसून राहिले. आत्याबाई पाणी प्यायला उठल्या होत्या. त्यांना काय कळलं कुणास ठाऊक, म्हणाल्या, "कागद जुना झाला की त्याची पुडी बांधायची असते माय. झोप जा."

दुसऱ्या दिवशी सरांना दाखवलं. ते म्हणाले, तू पहिला कागद वाचला, दुसरा वाचलाच नाही. कॅलिफोर्नियात २०१६ साली तसाच अभ्यास झाला, गरोदरपणाच्या मधल्या काळातल्या रक्तावर. तिथं उलटं निघालं, ऑटिझम झालेल्या लेकरांच्या आयांचा सीआरपी कमी. "आता कुठल्या कागदावर रडणार?" सरांचं बोलणं असं कोरडं असतं, पण त्या दिवशी ते बरं वाटलं.

दाढा काढल्यावर पाच आठवड्यांनी पुन्हा रक्त. तीच पट्टी, तीच खुर्ची, या वेळी सुई थेट चाचांच्या हातात. सोन्यानं जाहिरात बदलली होती, आता चहाची. मी काच डुलवत बसले. दोन मिनिटं झाली, तीन झाली, थेंब दुधासारखा गुळगुळीत. फुटला नाही. ईएसआर मात्र अठरालाच अडकला होता. हिमोग्लोबिन अजून कमी आहे, तो सावकाश उतरतो.

आणि फेरिटिन ४१ वरून ९ वर आलं. हे बघून बाबा घाबरले, उपचारानं लोह कमी कसं झालं? बालरोगतज्ज्ञांनी मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, सीआरपी चढलेला असताना फेरिटिनवर भरवसा ठेवू नका, दाहात तेही खोटं फुगतं. सूज उतरली आणि खाली लपलेली खरी पातळी दिसली. भात आणि दूध एवढ्यावरच जगणाऱ्या लेकराचं लोह कमी असणारच होतं. पहिल्या रिपोर्टवर मीच पेननं 'नॉर्मल' लिहून खूण केली होती. आता लोहाचं सिरप चालू आहे, दात काळे पडतात म्हणून नळीनं. लोह कमी असलं की लेकरांची झोपही बिघडते म्हणे. रात्री दोनचं उठणं दाढेनं बरंचसं थांबलं, राहिलेलं लोहानं थांबतंय का ते बघायचं.

गालावर मारणं थांबलं. हात फडफडवणं आहे तसंच आहे, जाहिराती आहेत, हाक मारली की तिसऱ्या-चौथ्या वेळी मान वळते. इसा पुन्हा काढली तर ११८ च्या आसपासच भरेल असं मला वाटतं. थेरपी सेंटरच्या वहीत आता मी पहिल्या पानावर लाल पेननं लिहून ठेवलंय, वागणं अचानक बदललं तर आधी दात, कान, पोट, लघवी.

मागच्या महिन्यात शिबिरवाल्या माणसाचा फोन आला. पाठपुरावा चांगला ठेवतात. मी सांगितलं, सीआरपी उतरला. तो म्हणाला, "बघा मॅडम, आमच्या डाएटचा रिझल्ट." मी म्हटलं, आम्ही तुमचं डाएट सुरूच केलं नव्हतं. तिकडं जरा शांतता. मग म्हणाला, "मग आता सुरू करायला हरकत नाही, बेस तयार झालाय."

मी फोन ठेवला तेव्हा सोन्या ओट्याखाली बसून आत्याबाईंनी भाजलेल्या शेंगा खात होता. आधी उजवीकडनं, मग डावीकडनं. कडाकडा आवाज येत होता, आणि टरफलं सगळ्या स्वयंपाकघरात झाली होती.